आवलीची बाजू : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना



गेल्या कार्तिकीपासून आमच्या घरात रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की तासभर एक पुस्तक वाचले जाते. वाचणारा मी, ऐकणारी आमची मंडळी. तिच्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, पण बारीक अक्षर काही लागेना. माझा गळा बसला म्हणून कीर्तन सुटले. उभे राहून दोन तास बोलवत नाही, पण बसून तासभर वाचवते. तिला दिसत नाही आणि मला गाता येत नाही, अशा दोन अर्ध्यांचे मिळून हे एक वाचन चालते.

पुस्तक नातीने आणून दिले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. या मासिकात मी आजवर ज्ञानेश्वरीवर लिहिले, गाथेवर लिहिले, फार तर एकनाथी भागवतावर. बुवांना या वयात एका ख्रिस्ती बाईच्या आत्मचरित्रावर लिहायची बुद्धी कुठून झाली, असे काही माउलींना वाटेल. वाटू द्या. शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवायचे तर रागवा.

ज्यांनी पुस्तक पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचे असे वेड की घरात धुण्याला अंत नाही. अकराव्या वर्षी लग्न. नवरा नारायण वामन टिळक, कवी माणूस, बुद्धी तेज, हात सढळ, पाय घरात ठरत नाहीत. कुणाला न सांगता उठून चालते व्हायचे, जवळचे होते नव्हते ते समोर येईल त्याला देऊन टाकायचे, मग घरी चूल पेटो न पेटो. दत्तूच्या आधीची मुले हातची गेली. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हातात बायबल दिले. त्यातले डोंगरावरचे प्रवचन वाचून ते हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पदरात लहान पोर असलेली बायको मागे राहिली, सोवळ्यातल्या नातेवाइकांत. साडेचार-पाच वर्षांची ताटातूट झाली. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ येऊन राहिल्या, पण आपली चूल वेगळी, आपले पाणी वेगळे. आणि मग १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा ओढतो म्हणून घेतला नाही. स्वतःला पटले तेव्हा घेतला. दोन्हींत किती अंतर आहे ते पुस्तक वाचताना कळते.

टिळकांविषयी आपल्या वारकरी मंडळींत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि सांगणाऱ्याला त्यात जरा गुदगुल्याही होतात. तुकोबारायांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. आमच्या गाथेची थोरवी ख्रिस्ती कवीही मानतो, म्हणून आपण खूश. मला त्यात पहिल्यापासून एक खडा लागतो. पूल हा ओलांडायचा असतो. पुलावर कुणी मुक्काम करीत नाही. टिळकांना तुकोबा पूल वाटले असतील, आम्हाला ते गाव आहेत. टिळकांच्या भक्तीविषयी मला आदर आहे. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते संन्यासी झाले, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. (त्याच साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, जिथे पुढे मी शिकलो. देवाच्या घरी त्या वर्षी बरीच कामे निघालेली दिसतात.) पण पुलाच्या बोलाला मी मान डोलावणार नाही. मला या घरात खरे महत्त्वाचे माणूस टिळक वाटतच नाहीत. पुलावर न चढता, नदीच्या पाण्यातून, गळ्यापर्यंत भिजत पलीकडे गेली ती बाई मला महत्त्वाची वाटते.

ख्रिस्ती लोकांत दुःखाचा विचार फार खोल केलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचा देवच क्रूसावर खिळलेला. ईयोबाचे अख्खे पुस्तक आहे, ज्यात चांगल्या माणसावर संकटांचा डोंगर कोसळतो आणि समजूत घालायला आलेले मित्र त्याला जास्तच छळतात. पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले त्यात एक जिनाच बांधून दिला आहे : संकटातून धीर, धीरातून कसाला उतरणे, त्यातून आशा. पाळक मंडळी उपदेशात हा जिना नेहमी दाखवतात. आम्ही कीर्तनकार तरी वेगळे काय करतो? तुकोबांवर दुष्काळ आला, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, आणि त्यातून वैराग्य उपजले. मृदंगावर थाप, विठ्ठल विठ्ठल. दुःख आले आणि भक्ती वाढली. मधे काय झाले ते सांगायला ना त्यांना वेळ, ना आम्हाला.

‘स्मृतिचित्रे’ हे त्या मधल्या दिवसांचे पुस्तक आहे. रोजचा दिवस. आज घरात पीठ नाही, उद्या पाहुणे येणार, परवा नवरा सांगून गेला त्या गावाला पोचलाच नाही, पोर तापले, शेजारीण बोलत नाही, पत्र आले तर वाचायचे कुणी. या बाईची श्रद्धा अशाच दिवसांतून रांगत येते. एकदम उजेड पडला, अंधार गेला, असे एकही पान नाही. ख्रिस्ती मंडळींत साक्ष देण्याची पद्धत आहे, पूर्वी मी कोण होतो आणि आता कोण झालो ते चारचौघांत उभे राहून सांगायचे. त्या साक्षीत पहिले आयुष्य जितके काळे रंगवावे तितके दुसरे उजळ दिसते. लक्ष्मीबाईंनी तसे रंगवलेले नाही. सोवळ्यातल्या घराची त्या थट्टा करतात, पण त्या घरातल्या माणसांवरची माया तशीच राहते. ख्रिस्ती झाल्यावर भेटलेल्या माणसांचीही तितकीच थट्टा करतात. स्वतःची सर्वांत जास्त.

हसण्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आम्हीही कीर्तनात हसवतो. दोन तास माणूस जागा ठेवायचा तर हसवावे लागते. पण आमचे हसणे नेहमी दुसऱ्यावर असते, हे मला या पुस्तकाने दाखवले. आणि तो दुसरा कोण, हे लिहिताना मला थोडे अवघड जाते आहे.

सज्जन हो, आवली घ्या. तुकोबांची दुसरी बायको, जिजाई. चाळीस वर्षांच्या कीर्तनात मी तिला किती वेळा उभी केली असेल. तुकोबांना उसाची मोळी मिळाली, वाटेत पोरांनी हात पसरले, ऊस वाटून संपले, एकच हाती घेऊन स्वारी घरी आली. दारात आवली. तोच ऊस पाठीत बसला आणि तुकडे झाले. इथे मी पदर खोचल्याचा अभिनय करायचो, आवाज चिरका काढायचो. टाळकरी हसून वाकायचे. मग भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा मोडतो आणि साक्षात पांडुरंग तो काढायला येतो, तेव्हा त्याच बायाबापड्यांच्या डोळ्यांना पाणी. हा प्रसंग मला हमखास साधायचा. बिदागी त्यावरच मिळायची म्हणा ना.

आता ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्या. नवरा कवी, देवाचे वेड, हातात पैसा टिकत नाही, घरात काय आहे नाही त्याची खबर नाही. बायको रागीट, हजरजबाबी, पोराबाळांसाठी धडपडणारी. ओळखीचे घर आहे ना? फरक एवढाच की इथे गोष्ट आवली सांगते आहे. महिपतींनी ‘भक्तविजय’ लिहिला १७६२ साली, ते ताहराबादचे, राहुरी तालुक्यातले. टिळकांचे बिऱ्हाड पुढे काही वर्षे त्याच राहुरीत होते. एकाच मातीतली दोन चरित्रे, पण एकात संत दिसतो तो आरती ओवाळणाऱ्याच्या बाजूने, आणि दुसऱ्यात भक्त माणूस दिसतो तो त्याचे ताट वाढून वाट पाहणाऱ्याच्या बाजूने. आमच्या परंपरेत ही दुसरी बाजू कुणी लिहून ठेवली नाही. आवलीला लिहिता येत नव्हते. लक्ष्मीबाईंनाही येत नव्हते. टिळकांनीच मागे लागून शिकवले. त्या माणसाचे हे पुण्य मी क्रूसापेक्षाही मोठे धरतो, ख्रिस्ती बंधूंनी क्षमा करावी.

दळणाचेच पाहा. आमच्या जनाबाईचे दळण देव दळू लागतो. चोखोबांची ढोरे देव ओढतो. आमची श्रद्धा अशी की काम फार झाले की तो येतो आणि हात लावतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो हात लावायला येत नाही. दळण त्या स्वतः दळतात, पोर स्वतः उचलतात, प्लेगच्या दिवसांत रोग्यांची सेवा स्वतः करतात. पहिल्या वाचनात मला ही उणीव वाटली. कोरडे वाटले. बाई ख्रिस्ती झाली, पण ख्रिस्ताशी तिचे काय बोलणे चालते ते पुस्तकात फारसे नाहीच. प्रार्थनेचे प्रसंग येतात आणि दोन ओळींत उरकतात. अंतरंगाची कथा हवी असेल तर त्यांची, टिळकांची पदे वाचावी लागतील, किंवा ‘ख्रिस्तायन’. त्या ओवीबद्ध ग्रंथाचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय टिळकांनी लिहिले आणि ते १९१९ मध्ये गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ग्रंथ तडीला नेला. जिला पाटीवर अक्षर गिरवताना कंटाळा यायचा तिने! पण ‘स्मृतिचित्रे’त यातले तेज आत कुठे पेटले ते दिसत नाही. टीकाकार म्हणून ही तक्रार मी नोंदवून ठेवतो. ती मी पूर्ण मागे घेत नाही. मात्र दुष्काळातली पोरकी मुले या घरात येतात, आणि बाई त्यांना न्हाऊ घालते, जेवू घालते, रागावते, ही पाने वाचताना माझ्या मनात आले की कदाचित ती बोलणे इथेच करीत असेल.

एक पान मला सर्वांत मोलाचे वाटले. नवऱ्याजवळ येऊनही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. मग एकदा त्या स्वतःशीच विचार करू लागतात की जात देवाने केली की माणसाने. कुणी वाद घालायला समोर नाही, कुणी शास्त्री नाही, मिशनरी नाही. विचार शेवटाला जातो तेव्हा जात माणसाची निघते, आणि बाई ठरवते की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. ख्रिस्तावरची श्रद्धा नंतरची; आधी हे गळून पडले. लहानपणापासून धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या त्या हातांना हे किती जड गेले असेल ते ज्यांनी सोवळे पाळलेले पाहिले त्यांनाच कळेल.

आपण वारकरी यावर पटकन म्हणतो की आमच्या वाळवंटात हे आधीच झाले. झाले खरेच. पण चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि देऊळ सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपाशी बसावे लागले, हेही झाले. माझे स्वतःचे सांगायचे तर मी समतेवर पुष्कळ कीर्तने केली आणि सप्ताहात पंगती वेगळ्या बसत तेव्हा पहिल्या पंगतीला मुकाट्याने जेवलो. लक्ष्मीबाईंनी जे एका बैठकीत ठरवले ते मला ठरवायला सत्तरी यावी लागली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती.

१९७२ चा दुष्काळ. आमचे गाव नगर जिल्ह्यातच. विहिरींना खडक लागला, जनावरे विकली, रेशनवर लाल मिलो यायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. मी चोविशीतला, आळंदीहून नुकता परत आलेला, नवा कीर्तनकार. गावोगाव सप्ताहांची बोलावणी येत. लोकांकडे खायला नव्हते पण नाम सोडले नव्हते, याचा मला फार अभिमान. तेव्हा मी बिदागी घेत नसे. नारळ आणि बुक्का. आणि कीर्तनात तुकोबांचा दुष्काळ असा सांगे की सभा रडे.

त्याच महिन्यांत आमची मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कडेवर दहा महिन्यांची थोरली. तिथे सुकडी वाटायचे, ती ती पदरात बांधून आणायची आणि माझ्या आईला द्यायची. मी आठ-आठ दिवस घरी नसे. एकदा आलो तर तिच्या डाव्या हाताचे बोट हातोडीखाली सापडून काळे झालेले. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते, कारण ते मी कीर्तनातही म्हणत असे : सोसल्याने देव जवळ येतो. ती काही बोलली नाही. भाकरी वाढली.

पन्नास वर्षे मी ते वाक्य खरे मानले. आज मी ते खोटे म्हणत नाही. लक्ष्मीबाईंची श्रद्धा सोसण्यातूनच वाढली, पुस्तक साक्षीला आहे. पण ते सोसणे आकाशातून पडले नव्हते. दुष्काळ, प्लेग हे आकाशातले. बाकी बरेचसे घरातल्या देवभक्त माणसाने आणलेले होते. आणि सोसल्याने भक्ती वाढते हे तत्त्व, ज्याच्यापायी दुसरा सोसतो, त्याच्या फार सोयीचे असते. पौलाचा जिना खरा असेल, पण तो चढणाऱ्याने सांगावा. खालून दुसऱ्याला ढकलीत सांगू नये. ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी मला यात दिसते की तिथे तो चढणारीने सांगितला आहे, धापा टाकीत, मधेच पायरीवर बसून हसत, आणि किती पायऱ्या झाल्या ते न मोजता. त्याच दुष्काळात, त्याच प्लेगात होरपळून कडू झालेली माणसेही त्यांनी पाहिली असतील. म्हणूनच की काय, दुःख चांगले असते असे बाई कुठे म्हणत नाही.

इथे प्रमाण द्यायला हात शिवशिवतो. पाच-सहा अभंग ओठांवर आहेत. देत नाही. प्रमाण दिले की कीर्तनकाराची सुटका होते, संत बोलले म्हणजे आपण बोललो असे होते.

एक तक्रार मात्र मी आमच्या मंडळीपुढे मांडली. परवा आम्ही टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरचा भाग दुसऱ्यांदा वाचत होतो. मी पुस्तक मिटून म्हणालो, “एवढे सगळे करूनही बाई या माणसाला फार सहज माफ करते. कुठे जाब विचारत नाही. हे मला लेखनातले वैगुण्य वाटते.”

ती वाती वळत होती. म्हणाली, “माफ कुठं केलं? सगळं लिहून ठेवलंय की.”

त्यावर मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने मी विचारले, “तू हसायची नाहीस ना, मी आवली करायचो तेव्हा?”

“मी बायांच्या बाजूला बसायची,” ती म्हणाली. “आमच्या बाजूला कुणीच हसायचं नाही. तुमचं लक्ष टाळकऱ्यांकडं असायचं.”

खरे आहे. वारकरी कीर्तनात बुवा टाळकऱ्यांच्या गराड्यात उभा असतो.

बिजेला आमच्या गावात दरवर्षी कीर्तन होते. यंदा गळा चालणार नाही, पण बसून थोडे बोला, आवलीचा उसाचा प्रसंग तेवढा घ्या, लोक आठवण काढतात, असा तरुण मंडळींचा निरोप आला आहे. मी उसाऐवजी दुसरे सांगेन म्हणतो. तुकोबा गेले तेव्हा आवली गरोदर होती. नारायण मागाहून जन्मला. तिने त्याला वाढवले, आणि त्या नारायणबाबांनी १६८५ च्या सुमारास देहूहून पालखी काढण्याची रीत घातली, जिच्यामागे आपण आषाढात चालतो. कीर्तनात हे मी कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. हसू येणार नाही या प्रसंगाला. बिदागीही येणार नाही, पण ती आता लागतही नाही.

‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग, जो १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंच्या मागे निघाला, आमचा अजून वाचायचा आहे. नातीला ग्रंथालयात मुदत वाढवून आणायला सांगितले आहे.